न्यूरेंबर्गच्या नाताळबाजारांत

जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहराचें नांव आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत बहुधा दोनच कारणांनीं ऐकलेलें असतें. एक, तेथें भरत असलेले नाझी पक्षाचे प्रचंड मेळावे. आणि दुसरें, 1945-46 सालीं तेथेंच त्या पक्षाच्या पुढाऱ्यांवर चाललेला खटला. परंतु खुद्द जर्मन गृहिणीस विचाराल तर तिला ह्या नांवासरशी आठवतो तो मधमसाल्याच्या वड्यांचा वास, आणि त्या वासाबरोबर तेथील नाताळचा बाजार. 2023 सालच्या डिसेंबरांत आमचा मुक्काम शेजारच्या एर्लांगेन गांवीं पुतण्याकडे होता. तेथून आगगाडीनें न्यूरेंबर्ग सुमारें वीस मिनिटांवर. त्या महिन्यांत आम्ही ह्या बाजारांत तीन वेळां गेलों, आणि तिन्ही वेळां हेतु एकच होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकांनीं आम्हां सर्वांस 24 तारखेच्या सायंकाळीं बोलाविलें होतें, आणि त्या घरांतील चार प्रौढ माणसांकरितां कांहीं तरी नेणें अवश्य होतें.

मुलांकरितां भेट निवडणें ही गोष्ट कोणत्याही देशांत फारशी अवघड नाहीं. चाकें असलेली अथवा आवाज करणारी कोणतीही वस्तु दिली कीं मूल संतुष्ट होतें, व त्याचे आईबाप असंतुष्ट होतात. प्रौढ माणसाची गोष्ट निराळी. त्याला हवी असलेली साधी वस्तु त्यानें स्वतःच आणलेली असते, आणि न आणलेली वस्तु बहुधा आपल्याही ऐपतीबाहेरची असते. शिवाय भेट हातांत घेतां घेतांच तो मनांत तिची किंमत करितो व परतफेडीचा आंकडा मांडूं लागतो. आपल्याकडील आहेराच्या वह्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस हें विस्तारानें सांगावयास नको. वडील पिढीनें कोणीं काय दिलें तें बारीकसारीक तपशिलासह लिहून ठेवावें, आणि मुलांनीं ती वही पाहून पुढच्या मुंजींत वा लग्नांत तेवढेंच परत करावें, असा तो व्यवहार. त्यांत लबाडी नाहीं. पण आनंदही बेताचाच.

बाजार भरतो तो जुन्या शहराच्या मुख्य चौकांत. चौकाच्या पूर्व बाजूस मेरीमातेचें देवालय आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरील घड्याळांत बाराचे ठोके पडले कीं सात निर्वाचक राजे यंत्राच्या चालीनें बाहेर येतात व सिंहासनस्थ सम्राट चौथ्या कार्लभोंवतीं तीन प्रदक्षिणा घालतात. सम्राट कोणीं व कसा निवडावा हें ठरविणाऱ्या 1356 सालच्या राजाज्ञेचें हें स्मारक. यंत्र 1509 सालचें. 2 जानेवारी 1945 च्या रात्रीं झालेल्या बाँबवर्षावांत हा सारा भाग जवळजवळ जमीनदोस्त झाला होता. त्यानंतर 1948 सालीं, शहराची उभारणी अर्धीमुर्धीही झालेली नसतां, लोकांनीं बाजार मात्र पुन्हां भरविला.

नाताळापूर्वींचे चार रविवार हे लोक आगमनपर्व म्हणून पाळतात. त्यांतील पहिल्या रविवारच्या आधींच्या शुक्रवारीं सायंकाळीं देवालयाच्या सज्जांत सोनेरी कुरळ्या केंसांची एक मुलगी मुकुट घालून उभी राहते आणि बाजार सुरू झाल्याचें जाहीर करिते. ती ‘क्रिस्टकिंड’, म्हणजे बालख्रिस्त. पूर्वीं भेटी आणण्याचें काम संत निकोलसाकडे होतें; मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेंत संतांचें महत्त्व कमी झाल्यावर तें बालख्रिस्ताकडे आलें. 1969 सालापासून गांवच्याच 16 ते 19 वर्षांच्या मुलींतून दर दोन वर्षांनीं ही निवड होते. चौकांत सुमारें 180 दुकानें. सारीं लांकडाचीं, वर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचें कापड. प्लास्टिकच्या माळा व ध्वनिमुद्रित गाणीं ह्यांस येथें मज्जाव आहे. हा नियम आपल्या सार्वजनिक उत्सवांच्या चालकांनीं एकदां कानाखालून घालावा असें मला वाटलें; अर्थात् कान शाबूत असल्यास.

ह्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे राजपत्र नव्हे, हिशेबाची वहीही नव्हे. शहरांतील जर्मन राष्ट्रीय संग्रहालयांत पातळ लांकडी पट्टीची, वर फुलें रंगविलेली, जेमतेम वीतभर लांबीची एक लंबवर्तुळाकृति डबी आहे. तिच्या तळाशीं लिहिलें आहे कीं, एका कुमारिकेनें दुसऱ्या एका स्त्रीस ही बाजाराच्या निमित्तानें 1628 सालीं पाठविली. डबींत काय होतें तें नाहीसें झालें. देणारी गेली, घेणारीही गेली. जिची किंमत त्या काळींही फार नसेल अशी एक डबी मात्र एवढ्या मोठ्या बाजाराची साक्ष देत राहिली आहे.

इंग्रजांच्या देशांत नाताळच्या रात्रीं मोजा टांगून ठेवतात व त्यांत चिल्लर वस्तू भरतात, हें आपण वाचलेलें असतें. जर्मनींत 6 डिसेंबरच्या आदल्या रात्रीं दाराबाहेर स्वच्छ केलेले जोडे ठेवतात. दोन्ही चालींचें मूळ एकाच संताकडे जातें. आज जो भाग तुर्कस्तानांत मोडतो तेथील मायरा गांवीं चौथ्या शतकांत निकोलस नांवाचा बिशप होऊन गेला. आख्यायिका अशी कीं, तेथील एका दरिद्री गृहस्थास तीन उपवर मुली होत्या आणि हुंड्यास कवडी नव्हती. निकोलसानें रात्रीं गुपचूप त्याच्या खिडकींतून सोन्याची एकेक थैली टाकली. एका पाठभेदाप्रमाणें ती वाळत घातलेल्या मोज्यांत पडली. मोज्याच्या टोकाशीं संत्रें घालण्याची चाल पुष्कळ घरांत आहे, तें त्या सोन्याचेंच प्रतीक म्हणून सांगतात. ह्या गोष्टींतील हुंड्याचा भाग आपल्या वाचकांस मुळींच परका वाटणार नाहीं. मला मात्र महत्त्व वाटतें तें रात्रीच्या वेळेचें. थैली दिवसाढवळ्या हातांत ठेवली असती तर लग्नें झालींच असतीं. पण मुलींच्या बापास त्या गांवांत पुन्हां मान वर करून चालतां आलें नसतें.

येथें एक भाषेची गंमत सांगतों. आपल्या शहरांतील मंडळी आतां भेटीस सर्रास ‘गिफ्ट’ म्हणतात. पुडकें बांधतांना पुतण्यानें मला बजाविलें, “काका, वर गिफ्ट लिहूं नका हं!” कारण जर्मन भाषेंत गिफ्ट म्हणजे विष. मूळ अर्थ तेथेंही ‘देणें’ हाच होता. काळाच्या ओघांत दिलेल्या मात्रेवरून तो विषावर गेला. आणि जुना अर्थ अजून कोठें शिल्लक आहे म्हणाल, तर ‘मिटगिफ्ट’ ह्या शब्दांत. त्याचा अर्थ हुंडा!

आतां बाजारांतील मालाविषयीं. मधमसाल्याच्या वड्यांस ‘लेबकूखेन’ म्हणतात. ह्या शहरांत त्या करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ 1643 सालीं झाला. भोंवतालच्या राजरानांत मध विपुल, आणि व्हेनिसच्या मार्गें येणारे दालचिनी, लवंग, वेलदोडे, जायफळ हे पदार्थ येथील व्यापाऱ्यांच्या वखारींत उतरत. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानांतील वेलदोड्यानें ह्या थंड देशाच्या सणास वास दिला. ‘एलिझेन’ म्हणून जो उत्तम प्रकार आहे त्यांत बदाम, अक्रोड वगैरे निदान शेंकडा 25 असावे लागतात व पीठ शेंकडा 10 हून अधिक चालत नाहीं. आपल्या घरांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं ह्यांत अंडें असतें. दुसरी मौज सुक्या आलुबुखारांच्या माणसाची. तारेवर ओंवलेल्या आलुबुखारांचे हातपाय, अक्रोडाचें डोकें, वर टोपी. असा माणूस घरांत असला कीं लक्ष्मी नांदते अशी समजूत. आणि तिसरा सोनेरी पत्र्याच्या चुणीदार झग्यांतील देवदूत. त्याची दंतकथा करुण आहे. एका बाहुल्या करणाऱ्या कारागिराची मुलगी वारली. त्या दुःखांत तिचें जें रूप त्यास दिसलें, तसा त्यानें हा पहिला देवदूत घडविला.

ह्या देवदूतावरूनच आमच्यांत मतभेद झाला. घरमालकांची आई पंचाऐंशीच्या घरांतील. 1945 च्या त्या रात्रीं ती सहासात वर्षांची असून तळघरांत बसलेली होती, एवढें तिनें एकदां सांगितलें होतें. अधिक बोलली नाहीं. त्याच वर्षीं वसंत ऋतूंत तिचे यजमान वारले होते, आणि त्यांच्यावांचून तिचा हा पहिला नाताळ. आमच्या मंडळींस वाटलें, देवदूताइतकी योग्य भेट दुसरी नाहीं; दुःख जाणणारी, शिवाय देखणी. सूनबाई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “काकू, आठवण त्यांना आहेच. आपण दिलेली आठवण त्यांना रोज पुसून ठेवावी लागेल.”

मग तिनें एकेकाचें सांगावयास सुरुवात केली. घरमालक निवृत्त शिक्षक. सकाळीं जिन्यावर बसून वर्तमानपत्रांतील शब्दकोडें सोडवितात, आणि बोटांत धरतां येणार नाहीं एवढ्याशा पेन्सिलीनें. न्यूरेंबर्ग हें पेन्सिलींचें माहेरघर. लगतच्या श्टाइन गांवीं फाबर घराण्याचा धंदा 1761 पासून चालू आहे. गांवच्या माणसास गांवचीच वस्तु काय द्यावयाची, ही शंका मीं काढली. “स्वतः कधीं आणीत नाहींत ना!” हें उत्तर. मऊ शिशाच्या सहा पेन्सिली घेतल्या. मालकीणबाई वड्या घरीं भाजतात. त्यांस पुण्याहून आम्हीं आणलेले हिरवे वेलदोडे द्यावयाचे, आणि तेही 1628 च्या डबीच्या घाटाच्या, अजून ह्या बाजारांत मिळणाऱ्या लांकडी डबींत. मुलगी इस्पितळांत रात्रपाळी करून पहांटे घरीं येते. तिला मेंढीच्या लोंकरीचे जाड मोजे, म्हणजे ‘मोज्यांत घालावयाची वस्तु’ हा प्रश्न तेथेंच मिटला. आणि आजीबाई? अंगणांतील सफरचंदाच्या झाडास पांखरांना दाणे घालण्याचें एक लांकडी घरकुल टांगलेलें आहे. हिवाळा आला कीं आजोबा रोज सकाळीं तें भरीत. त्या वर्षीं तें रिकामेंच होतें. सूनबाईनें सूर्यफुलाच्या बियांची दोन शेरांची पिशवी घेतली.

चारही वस्तूंचा खर्च मिळून बाजारांतील एका मोठ्या देवदूताइतकाही झाला नाहीं. संक्रांतीस आपल्या बायका वाण लुटतात, त्यांत असेंच कांहींसें आहे. कंगवा, गाळणी, पोळपाट. वस्तु अगदीं क्षुल्लक, शिवाय शब्द ‘लुटणें’, म्हणजे देणारीवरच दरोडा. त्याची वही कोणी ठेवीत नाहीं. फरक इतकाच कीं, वाण सर्वांस एकच असतें, आणि येथें माणसागणिक वस्तु निराळी. ती बाजारांत सुचत नाहीं. वर्षभर जिन्यावर येतां जातां जें पाहिलेलें असेल तेंच डिसेंबरांत कामास येतें; आणि पाहिलेलें नसेल तर सोनपापडीचा डबा आहेच. दिवाळींत एका घरून निघून चार घरें फिरून पुन्हां मूळ घरीं येणाऱ्या त्या डब्याचे प्रवासवर्णन कोणी तरी लिहावें. गंमत अशी कीं जर्मन लोकांनीं ह्यासही रीतसर खेळाचें रूप दिलें आहे. घरांतील नको असलेली वस्तु सुरेख कागदांत बांधून न्यावयाची व चिठ्ठ्या टाकून आपसांत बदलावयाची!

24 तारखेस दुपारींच सारे व्यवहार थांबले. सायंकाळीं वरच्या मजल्यावर झाडाखालीं भेटी मांडल्या होत्या. घरमालकांनीं लगेच एक पेन्सिल टोंकास आणून कानावर ठेविली, आणि ती जेवण होईपर्यंत तेथेंच राहिली. मालकीणबाईंनीं डबी उघडून नाकाशीं धरिली व मुलीस हुंगावयास दिली. आजीबाईंनीं पिशवीचा कागद न फाडतां, घडी मोडूं न देतां सोडला. पिशवी कसली आहे हें वाचावयास त्यांस थोडा वेळ लागला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. उठून पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आल्या. आमच्या मंडळींनीं माझ्याकडे पाहिलें. आपण चुकीची वस्तु आणली कीं काय, ही शंका आम्हां सर्वांस त्या रात्रीं राहिली, आणि सूनबाईस सर्वांहून अधिक. दुसऱ्या दिवशीं आठ वाजतां पुरतें उजाडलेंही नव्हतें. खालच्या खिडकींतून पाहतों तों पुरुषी मापाचा लांब ओव्हरकोट घातलेली आकृति सफरचंदाखालीं उभी. पांखरें दहा वाजेपर्यंत आलीं नाहींत. नंतर काळ्या डोक्याचीं, पिवळ्या पोटाचीं दोन आलीं.

आम्हांस त्या घरून मुरंब्याची एक बरणी आणि मला विणलेली टोपी मिळाली. टोपीचें माप नजरेनें घेतलेलें, बरोबर बसली.

परतीच्या सामानास विमानाच्या वजनाची मर्यादा होती, आणि पुण्याच्या घरीं माणसें चौदा. तरीही ह्या वेळीं यादी करणें सोपें गेलें. वहिनींकरितां गवताच्या काड्यांचे तारे, कारण देवघराच्या चौकटीस नवें तोरण त्या दरवर्षीं स्वतः करितात. धाकट्या भावास पेन्सिली. आईस मेणाची मेणबत्ती नको, तर तिच्या गुडघ्यावर पांघरावयास लोंकरीचा एक तुकडा. आलुबुखाराचा माणूस मात्र कोणा एकाकरितां नव्हता, साऱ्या घराकरितां होता. तो ओटीवरच्या कोनाड्यांत ठेविला. लक्ष्मी आली कीं नाहीं तें ठाऊक नाहीं. तिसऱ्या दिवशीं मुंग्या आल्या. त्यास टोपीसकट लोणच्याच्या रिकाम्या बरणींत हलवावें लागलें, व तेथून तो आतां येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत असतो.