ज्योतीतला एच

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्क्रीनवरचं बारीक अक्षर मला झेपेनासं झालं आणि बँकांच्या तारणांची नोंद ठेवणाऱ्या सरसाईच्या पोर्टलवर नोंदी भरायचं काम माझ्या हाताखालच्या मुलीकडं गेलं. ती नलगोंड्याकडची, घरात तेलुगू. ती कागदावरचं नाव मोठ्यानं वाचते, मी ऐकून मान डोलावतो, ती टाइप करते. या सोयीनं माझी झोप उडवली आहे. आजवर मी नावं डोळ्यांनी तपासत आलो. कानाला ज्योती एकच असते. मी टाइप केलं असतं तर रोमनमध्ये नुसता 'टी' घातला असता. तिचं बोट न थांबता 'टी'नंतर 'एच' दाबतं. तेलुगू घरांत 'त'साठी 'टी-एच' लिहितात आणि एकटा 'टी' 'ट'साठी राखून ठेवतात. तिच्या हिशेबानं मी जन्मभर ज्योटी लिहीत आलो.

मजा अशी की दोन्ही ज्योती हैदराबादेतल्या आपल्याच मराठी लोकांत सापडतात. सून लातूरहून आली की तिची लता एचशिवाय असते. तिच्या मुलीचं नाव काचिगुड्याच्या शाळेत पडतं आणि स्मितात एच शिरतो. घर एक, आडनाव एक, आणि मायलेकी दोन लिपीधर्मांच्या. घर दोघींच्या नावावर करून त्यावर कर्ज काढलं की ती भानगड आमच्या टेबलावर येते.

सुलतान बाजारच्या मेट्रो स्टेशनचं उद्घाटन ७ फेब्रुवारी २०२० ला झालं. त्याविरुद्ध इथल्या दुकानदारांनी किती वर्षं आरडाओरड केली, ते सगळ्यांना आठवतं. त्याच्या बरोबर चौदा दिवस आधी, २४ जानेवारीला, बँकांच्या वसुलीच्या सरफेसी कायद्याचं नवं प्रकरण अमलात आलं, त्याबद्दल बाजारात कुणी हूं की चूं केलं नाही. बँकेनं तारणाची नोंद सरसाईत केली नसेल तर त्या कायद्याखालचा जप्तीचा हक्क तिला वापरता येत नाही, असं कलम २६-ड सांगतं; आणि पुढच्याच कलमानं नोंद केलेल्या बँकेचा नंबर इतर देण्यांच्या, सरकारी करांच्यासुद्धा, आधी लागतो. तोवर आमच्या रकान्यांकडं मॅनेजर लोक कारकुनी म्हणून बघत. आता फोन करून विचारतात, नाव नीट घातलंत ना?

नीट म्हणजे कसं, हाच तर घोळ आहे. तेलुगू माणसाचं घराण्याचं नाव पुढं, बहुतेकदा नुसत्या आद्याक्षरात, आपलं मागं. चार पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरांतही आडनाव उडी मारून पुढं गेलेलं असतं. मी पॅनचं पाचवं अक्षर बघतो. चौथं अक्षर व्यक्ती, कंपनी की एकत्र कुटुंब ते सांगतं, आणि व्यक्तीच्या बाबतीत पाचवं म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणजे अर्ज भरणाऱ्यानं ज्याला आडनाव समजलं त्याचं. देशपांड्यांच्या पॅनमध्ये पाचवा 'डी' नसून 'व्ही' दिसला, की कुणीतरी कधीतरी वसंतला आडनाव करून टाकलं आहे हे मी कार्ड न उलटता सांगतो. मुलगी अजून थक्क होते. तिला थक्क करायला मला आवडतं, हे कबूल.

एकदा ती वैतागून म्हणाली, "पॅन डाल दिए ना सर, फिर नाम का इत्ता क्या टेन्शन?" प्रश्न रास्त आहे. पण पॅन कर्जदाराला असतं, जुन्या खरेदीखताला नसतं. आजीच्या नावचं घर, आजी गेलेली, वारस पाच, त्यांतला एक अमेरिकेत, आणि मूळ कागद निजामशाहीतला उर्दू बैनामा, साल फसली. उर्दूत ना 'ळ' ना 'ण'. काळ्यांचे काले आणि कणेकरांचे कनेकर तिथंच झाले. ऱ्हस्व स्वर तर मजकुरातून गाळलेलेच, ते भाषांतर करणाऱ्या मुतर्जिमनं अंदाजानं भरले. त्या अंदाजाला पुढच्या प्रत्येक इंग्रजी दस्तानं इमानानं जपलं.

यावर आमच्या धंद्यातला ठरलेला उपाय म्हणजे 'वन अँड सेम' ॲफिडेव्हिट. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, शपथेवर, नोटरीच्या शिक्क्यासकट. पॅनेलवरचे नवे वकील ते पापडासारखं लाटतात. बँकेचं समाधान होतं, फाइल बंद होते. माझं होत नाही. ॲफिडेव्हिट बँकेच्या तिजोरीत पडतं, आणि शोध घेणारा बसलेला असतो दुसऱ्या बँकेत, दुसऱ्या गावात, पुढच्या दशकात. त्याला तिजोरी दिसत नाही, रजिस्टर दिसतं. त्यानं एच घालून शोधलं आणि नोंद एचशिवाय असली, तर त्याच्यापुरती ज्योती बिनकर्जाची. मालमत्तेवरून शोधता येतं म्हणाल, तर या शहरातल्या दस्तांत जुना घर नंबर आणि नवा घर नंबर यांचाच संसार वेगळा असतो.

अमेरिकेत यावर कोर्टं भांडली आहेत आणि ते निकाल मी चवीनं वाचतो. कॅन्ससमधल्या एका कर्जदाराच्या यंत्रांवर डीअर कंपनीनं 'टेरी' नावानं नोंद केली. त्याचं कायद्यातलं नाव टेरन्स. २००४ साली अपिलात ती नोंद निकामी ठरली. २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढं भांडण होतं ते कंपनीच्या नावातला 'बुलेव्हार्ड' हा शब्द नोंदीत आखडून लिहिल्याचं. त्या राज्यात ठरलेली शोधपद्धत नाही, म्हणून नावाच्या चुकीला माफीही नाही, असं न्यायालयानं सांगितलं. तिथं निदान माणूस बुलेव्हार्ड आणि टेरीवर अडखळतो. आमच्याकडं चार भाषा आणि चार लिप्या.

जुन्या काळी हे सोपं होतं असं म्हणायचा मोह होतो. सुलतान बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार होता, इंग्रजांच्या आसऱ्याला सावकारांच्या पेढ्या होत्या. १८२० साली विल्यम पामरच्या पेढीनं साठ लाखांचं कर्ज दिलं ते निजाम सरकारला. पुढं पेस्तनजींच्या पेढीकडं वऱ्हाडचा वसूल तारण पडला, आणि १८५३ मध्ये फौजेच्या थकबाकीपायी अख्खा वऱ्हाड इंग्रजांकडं गेला. पेढ्या बुडाल्या, प्रांत गेला, पण कर्जदाराच्या नावावरून कुणी भांडलं नाही. निजाम एकच होता.

माझ्या आग्रहात हौसेचा भाग किती, हे मुलगी आल्यावर उमगलं. कोठीच्या बँकांमध्ये मला 'नामवाले साब' म्हणतात; मी ऐकू न आल्यासारखं करतो, म्हणजे ते पुन्हा म्हणतात. लग्नपत्रिका हातात पडली की मुहूर्ताआधी मी स्पेलिंग बघतो. मराठी नावातला एच दिसला की मला आपलं काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं, आणि तो काढून टाकायला हात शिवशिवतो. पण कर्जदार ज्योतीबाईंच्या शाळेच्या दाखल्यावर, पॅनवर, पासबुकावर एच आहे. माझ्या मराठीपणासाठी रजिस्टर काढलेलं नाही. ते त्या अनोळखी शोधणाऱ्यासाठी आहे, आणि तो बहुधा माझ्या हाताखालच्या मुलीसारखाच टाइप करणार.

आता ती नाव वाचत नाही, अक्षरं सुटी म्हणते: टी, एच, आय. सरसाईत पॅनवरचं नाव जातं, अक्षर न बदलता. सबरजिस्ट्रारकडं तारणाचा दस्त नोंदवताना खरेदीखतातलं नाव 'उर्फ' लावून कर्जदाराच्या नावातच घालायचं, म्हणजे सूचीत दोन्ही येतात. १९०८च्या नोंदणी कायद्यानं नावांची वेगळी सूची ठेवायला सांगितली आहे, ती काही शोभेसाठी नाही. ॲफिडेव्हिट घ्यावं, जरूर घ्यावं, पण त्यावर विसंबून उर्फ गाळणारा माणूस माझ्या लेखी या धंद्यातला नव्हे, मग तो कितीही मोठ्या बँकेच्या पॅनेलवर असो.

आणि घराचे कागद बँकेत ठेवणार असाल तर तुम्हालाही सांगतो: मूळ खरेदीखत, पॅन आणि आधार शेजारी ठेवा आणि तिन्हींवरची नावं अक्षर अक्षर सुटं करून वाचा. फरक दिसला तर सही करण्याआधी बोला. नंतर बोललात तर मी ऐकून घेईन, पण रजिस्टर ऐकणार नाही.