सोयाला तेल कुठून सुटणार?

शाकाहारी माणसानं मांसाची नक्कल करावीच कशाला, हे माझं जुनं, जोरकस मत. वांगं वांग्यासारखं खावं, मटण मटणासारखं. सोया ग्रॅन्युल्स घातलेल्या पास्ता सॉसला नावं ठेवायची संधी तर मी कधी सोडली नाही. मी कोल्हापूरचा, मटणावर वाढलेला. बायको लातूरकडची, शुद्ध शाकाहारी. तिच्या माहेरी सोयाबीन पिकतं, पण घरात कुणी खात नाही. पोती थेट आडतीवर जातात. पुढे त्याचं तेल निघतं आणि उरलेली पेंड जनावरांच्या खाद्यात जाते. त्याच तेल काढलेल्या पिठात पाणी घालून, उष्णता आणि दाब देऊन ते साच्यातून बाहेर ढकललं, की फुगून वड्या आणि दाणे होतात. म्हणून मी त्याला पाकिटातली पेंड म्हणायचो. बायकोच्या ताटात पडत असताना म्हणायचो, हेही सांगून टाकतो.

माझ्या बाजूनं इटलीही होती. बोलोन्याच्या रागूची, म्हणजे तिथल्या मांसाच्या सॉसची, कृती इटालियन पाककला अकादमीनं १९८२ मध्ये त्या शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली आहे: गोमांस, डुकराचा पान्चेत्ता, कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, वाइन, दूध. यात सोया बसवायचा कुठे? पण तीच कृती २०२३ मध्ये सुधारून पुन्हा नोंदवली गेली. शिवाय पेलेग्रिनो आर्तुझीनं १८९१ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात बोलोन्याच्या पद्धतीची जी मॅकरोनी दिली, तिच्यात टोमॅटोच नाही. अस्सलपणाचा मुद्दा मी तेव्हाच गुंडाळून ठेवला. चवीचा मात्र सोडला नव्हता.

कारण माझ्या हातचा सोयाचा पास्ता सॉस खरोखरच बेचव व्हायचा. दाणे भिजवायचे, उकळत्या टोमॅटोत टाकायचे, झाकण ठेवायचं. चावताना ओला स्पंज, वर तो कच्चट वास. एकदा बायको शांतपणे म्हणाली, “अहो, खिम्याला तेल सुटतं म्हणता ना? मग याला कुठून सुटणार? घाला की हात सैल सोडून!” जिनं जन्मात खिमा चाखला नाही, तिनं मला खिमा समजावला.

खिमा परतताना त्याची चरबी वितळते आणि त्याच चरबीत तो खमंग होतो. सोयाचं तेल तर गिरणीतच निघून गेलेलं. ते आपणच परत द्यायचं. आता मी चौघांसाठी शंभर ग्रॅम दाणे मिठाच्या गरम पाण्यात भिजवतो, ते पाणी फेकतो आणि दाणे मुठीत घट्ट पिळतो. कच्चट वास बराचसा त्या पाण्याबरोबरच जातो. मग पसरट कढईत चार-पाच चमचे तेल घालून दाणे तांबूस, कडा कुरकुरीत होईपर्यंत परततो. घाई इथेच नडते. ते बाजूला काढून त्याच कढईत बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी आणि भरपूर मशरूम. मशरूमचं पाणी पूर्ण आटू द्यायचं. मग टोमॅटोची घट्ट पेस्ट, तीही काळपट लाल होईपर्यंत परतायची. त्यावर टोमॅटो, चमचाभर सोया सॉस, दाणे, आणि शेवटी अर्धी वाटी दूध. मंद आचेवर पाऊण तास. मांसाला मऊ व्हायला याहून जास्त वेळ लागतो. सोया मऊच असतो, इथे वेळ टोमॅटोसाठी द्यायचा.

हा बोलोन्याचा रागू नव्हे, आणि मटण खिम्याची बरोबरीही तो करत नाही. तसं कुणी म्हटलं तर मी अजूनही भांडेन. पण पास्त्याला हवे असतात ते चावता येणारे, रस धरून ठेवणारे बारीक कण. ते काम सोया चोख करतो. मटण आणायला सवड असतानाही मी हा सॉस करतो, यातच काय ते आलं.

एक मात्र सांभाळा. खरं पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालून करतात. शाकाहारी माणूस जेवायला असेल, तर वर किसायचं चीज पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या.