पाचव्या रचनेआधी

'क्रिस्टल सायलेन्स' हा अल्बम माझ्याकडे साठ मिनिटांच्या कॅसेटवर होता, एका मित्राच्या एलपीवरून उतरवून घेतलेला. चिक कोरियाचा पियानो, गॅरी बर्टनचा व्हायब्राफोन, बस्स. ना ड्रम, ना बेस. ए बाजू 'डेझर्ट एअर'वर संपायची. उठायचं, कॅसेट उलटायची, खट्‌ आवाज, थोडी खरखर आणि मग शीर्षकाची रचना. तिच्यातले सूर विरत जाताना ही खरखर पुन्हा वर यायची. पुढे सीडी हाती आली आणि तिथे नुसतीच शांतता होती, तेव्हा काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९७२चं, ओस्लोतलं. निर्माता ईसीएम या रेकॉर्ड कंपनीचा मान्फ्रेड आयकर. व्हायब्राफोनच्या पट्ट्यांखाली नळ्या असतात आणि त्यांत मोटरवर फिरणारे पंखे. सूर थरथरतो तो त्यांच्यामुळे. बर्टन ते पंखे बंदच ठेवायचा, म्हणून त्याचा सूर सरळ, थंड पाण्यासारखा. दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या, त्यामुळे कोरिया रंगात आला की हा खालून सुरावटींची साथ धरायचा; पुढच्याच क्षणी साथ पियानोकडे. याला जुगलबंदी म्हणायची सवय आहे आपल्याला, पण इथे चढाओढ नाहीच. शेजारी-शेजारी बसून केलेल्या गप्पा आहेत.

२००८ साली 'द न्यू क्रिस्टल सायलेन्स' आला. एका सीडीवर सिडनीचा भलामोठा वाद्यवृंद सोबतीला. त्याला ग्रॅमीही मिळालं. ऐकायला भरघोस आहे, पण मला तो लग्नाच्या मांडवात जुना मित्र भेटावा तसा वाटतो. बोलायला निवांतपणा नाही. दुसऱ्या सीडीवर मात्र पुन्हा दोघंच.

बर्टनने २०१७मध्ये वाजवणं थांबवलं. कोरिया फेब्रुवारी २०२१मध्ये गेला.

आता सगळा अल्बम फोनवर आहे. काठी पट्टीवर टेकते तो मऊ 'टप्' मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकू आला, हे कबूल करायला हवं. फक्त 'डेझर्ट एअर' संपताच शीर्षकाची रचना लगोलग सुरू होते, उठायला उसंतच नाही. तुम्ही ऐकणार असाल तर तिथे फोन थांबवा. पाणी पिऊन या. मग पाचवी रचना लावा.