मॅडम, तुम्ही करता का हो हा व्यायाम?

चार वर्षांपूर्वी ऐन ओपीडीत मला जोरात शिंक आली आणि थोडी लघवी झाली. शेवटचा पेशंट जाईपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही.

कारणं मला पाठ होती. दोन बाळंतपणं, पाळी गेलेली, वाढलेलं वजन. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणारे स्नायू, म्हणजे पेल्विक फ्लोअर, सैल पडले की खोकताना, हसताना, वजन उचलताना लघवी निसटते. डॉ. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी यावरचा व्यायाम १९४८ साली मांडला. तो मी कितीतरी जणींना शिकवला होता. स्वतः मात्र चार दिवस केला आणि विसरले.

एक दिवस साठीच्या एक काकू आल्या. लघवी होईल या भीतीने त्यांनी लग्नकार्याला जाणं सोडलं होतं, पाणीही कमी केलं होतं. "व्यायाम आठवडाभर केला, मग राहून गेला. मॅडम, तुम्ही करता का हो?" मी "हो" म्हणाले. खोटं बोलले. रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वेळ शोधणं सोडलं आणि व्यायाम रोजच्या कामांना बांधून टाकला. सकाळी चहा उकळेपर्यंत एकदा, दुपारी ओपीडी सुरू होण्याआधी खुर्चीत एकदा, रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदा.

करायचं एवढंच: वायू आणि लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आत-वर ओढा. पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सैल सोडा. असं आठ ते दहा वेळा. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच जमले तरी चालेल. हळूहळू दहापर्यंत न्या. श्वास रोखू नका. पोट, मांड्या, नितंब आवळू नका. लघवी करता करता हा व्यायाम करू नका. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधीच स्नायू आवळून घ्या.

पहिला महिना काहीच फरक नव्हता. बहुतेक जणी इथेच सोडतात. किमान तीन महिने द्यावे लागतात. तिसऱ्या महिन्यात एकदा फोडणीच्या ठसक्याने लागोपाठ शिंका आल्या आणि कपडे कोरडे राहिले. एखादा दिवस आजही चुकतो. दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवताना आठवतं.

काकू पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग आता दोघी मिळून करू."

लघवीत रक्त किंवा जळजळ, अचानक अनावर घाई, लघवी अडणं, योनीमार्गातून काही बाहेर आल्यासारखं वाटणं, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी करून घ्या. तीन महिने नियमित करूनही फरक नसेल तरी या. स्नायू नीट आवळले जातात का, ते तपासून शिकवता येतं. आणि लाजून पाणी मात्र कमी करू नका.