थाळनेर : खानदेशची पहिली राजधानी

आपल्या मुलांना दिल्लीचे सुलतान पाठ असतात, आग्र्याचा ताजमहाल चित्रात ओळखता येतो. पण ज्या खानदेशात आपण राहतो तो राज्य म्हणून कुठून सुरू झाला, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. उत्तर फार लांब नाही. चाळीसगावहून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर नावाचे गाव आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही घरची सगळी मंडळी तिथे जाऊन आलो.

चाळीसगावहून धुळ्याला जायला रेल्वेगाडी आहे, एसटी आहे. धुळ्याच्या पुढे मुंबई-आग्रा रस्ता धरायचा. डाव्या-उजव्या हाताला कपाशीची शेते, मध्येच सोनगीरचा किल्ला, मग नरडाणा. सावळद्याच्या पुलावर तापी ओलांडली की शिरपूर येते. तिथून थाळनेरचा फाटा. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ सतत सोबत असते.

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, तापी पश्चिमेला जाते. थाळनेरचे नशीब या दिशेनेच ठरवले. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरकडे जाणारा माल आणि माणसे तापीच्या खोऱ्यातूनच जात. नदीचा उतार, काठची काळी जमीन आणि उंच दरड या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे किल्ला उभा राहणे साहजिकच होते.

१३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद ही जहागीर दिली. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या सुलतानाला मलिक राजाने खाऊ घातले आणि तिथून त्याचे दिवस पालटले. मलिक राजा आपला वंश हजरत उमर फारूक (रजि.) यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून हे घराणे फारूकी म्हणवले गेले. दौलताबादचे सूफी शेख जैनुद्दीन शिराजी यांचा तो मुरीद होता. १३८२ च्या सुमारास तो दिल्लीपासून स्वतंत्र झाला. थाळनेर ही त्याची राजधानी.

१३९९ मध्ये मलिक राजाचा इंतकाल झाला. त्याने हयातीतच वाटणी केली होती. थोरल्या नासिरखानाकडे लळिंग आणि इतर मुलूख, धाकट्या हसनकडे थाळनेर. नासिरखानाने असिरगड घेतला. तापीच्या काठी नवे शहर वसवून शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने त्याला बुऱ्हाणपूर म्हटले, आणि पलीकडच्या काठावर शेख जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद. एवढे मिळूनही त्याची नजर धाकट्या भावाच्या वाट्यावर राहिली. १४१७ मध्ये माळव्याच्या सुलतानाची फौज मदतीला घेऊन त्याने थाळनेर जिंकले. हसनला गुजरातेत आसरा शोधावा लागला. नव्वदेक वर्षांनी, १५०९ मध्ये, गुजरातच्या महमूद बेगड्याच्या पाठिंब्यावर हसनच्याच वंशातला आदिलखान फारूकी गादीवर बसला. भावाचा हक्क मारून घेतलेली गादी शेवटी भावाच्याच नातवंडा-पतवंडांकडे गेली. आपल्या घराघरांत शेताच्या बांधावरून आणि वाड्याच्या भिंतीवरून जे चालते, त्यांनी हा धडा जरूर वाचावा.

गावाजवळ फारूकींचे मकबरे आहेत. बहुतेक चौकोनी आणि साधे, वर घुमट. एक मात्र अष्टकोनी, दगडी, बारीक कोरीव कामाचा. मुले त्याच्याभोवती फिरून आठही बाजू मोजत बसली. मलिक राजा, मुलगा नासिरखान, नातू मीरान आदिलखान आणि पणतू मुबारकखान, अशा चार पिढ्या थाळनेरच्या मातीत आहेत. नासिरखानाने बुऱ्हाणपूर वसवले, पण १४३७ मध्ये दफन होण्यासाठी तो बापाजवळच आला. आम्ही कबरीतल्यांना सलाम केला, मगफिरतीची दुआ मागितली. बाजूला शेतात काम करणाऱ्या एका आजोबांनी अहिराणीत विचारले, “कथाईन उनात?” चाळीसगावचे नाव सांगताच त्यांनी मुलांना प्यायला पाणी दिले.

किल्ल्याची आता तटबंदीची पडझड आणि मातीची टेकाडे उरली आहेत. खाली तापीचे पात्र पसरलेले दिसते. १६०१ मध्ये असिरगड अकबराच्या हाती गेला आणि फारूकी राज्य संपले. पुढे मोगल, मराठे, होळकर आले. मंदसोरच्या तहानंतर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉप थाळनेरसमोर येऊन उभा राहिला. किल्ल्यात होळकरांचे किल्लेदार तुळशीराम आणि त्यांच्यासोबत अरब शिपाई होते. दरवाजात झटापट होऊन इंग्रज अधिकारी पडले. मग किल्ल्यातले बहुतेक सगळे शिपाई कापले गेले आणि तुळशीरामांना फासावर लटकावले. या फाशीवरून पुढे इंग्लंडच्या संसदेतही टीका झाली. हिंदू किल्लेदार आणि मुसलमान शिपाई एकाच दिवशी, एकाच दरवाजासाठी मेले, हे मुलांना आम्ही तिथेच उभे राहून सांगितले.

याच गावाशी लता मंगेशकरांचेही नाते आहे. हे त्यांचे आजोळ. आजीकडून ऐकलेली गाणी लहानग्या लताने इथेच गुणगुणली. मकबरे पाहून कंटाळलेल्या आमच्या धाकटीचे कान हे ऐकताच टवकारले.

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारूकींनी अरबीसोबत संस्कृतमध्येही शिलालेख कोरून घेतला. त्यात या घराण्याची वंशावळ मलिक राजापासून सुरू होते. म्हणजे सव्वादोनशे वर्षांनंतरही, नव्या शहराच्या भव्य मशिदीतही, त्या घराण्याला आपली सुरुवात आठवत होती. आज तिथे राहणाऱ्या आपल्याला ती आठवू नये, हे बरे नव्हे.

जायचे असेल तर हिवाळ्यात जावे. डबा आणि पाणी घरून न्यावे. मकबऱ्यांच्या भिंतींवर नावे कोरू नयेत, कचरा परत आणावा, आणि परतताना मुलांकडून एक पानभर लिहून घ्यावे, उर्दूत किंवा मराठीत, जशी त्यांची शाळा असेल तसे.