सफरिंग फ्रॉम फीवर

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर नवखा माणूस उतरला की ऑटोवाला दोनच गोष्टी विचारतो: दवाखाना की कॉलेज? तिसरं काही काम असेल असं त्याला वाटतच नाही, आणि बहुतेक वेळा त्याचा अंदाज खरा निघतो. म्हणायला हे तालुक्याचं गाव. पण वैनगंगेपलीकडच्या वडसा, आरमोरी, कुरखेड्याकडचं दुखणं आणि शिकणं वर्षानुवर्षं पूल ओलांडून इकडेच येत आलं आहे. मी इथे वाढलो आणि इथेच औषधाचं दुकान टाकलं. त्यामुळे माझ्या वाट्याला जे इंग्रजी आलं ते कथाकवितांचं नव्हतं, दुखण्याचं होतं.

त्याची सुरुवात रजेच्या अर्जापासून झाली. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून; पहिलीपासून इंग्रजी हा प्रकार राज्यात 2000 साली आला. एबीसीडी नीट बसायच्या आत सगळ्या वर्गाला एक वाक्य तोंडपाठ झालं होतं: 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर, आय ॲम अनेबल टु अटेंड द स्कूल.' पोट दुखो, पाय मुरगळो की मावशीचं लग्न असो, अर्जात फीवरच. त्यामागे व्यवहार होता. हगवण लागली तर डायरिया लिहावं लागे, आणि त्या स्पेलिंगमधले दोन आर आणि ऐकू न येणारा एच कुठे बसवायचा हे वर्गातल्या पहिल्या नंबरालाही सांगता येत नसे. न्यूमोनियाच्या दारात तर मुका पी बसलेला. त्यापेक्षा पाच अक्षरांचा फीवर बरा. रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग एकदम 'सफरिंग' व्हायचा. मुलं बांधीत चिखल तुडवताहेत हे मास्तरांना ठाऊक असे. ते अर्जातलं स्पेलिंग तेवढं तपासायचे. पुढे भादव्यात तीच मुलं खरोखरच्या हिवतापानं गोधडीखाली कुडकुडत असायची, तेव्हा मात्र अर्ज लिहायचं कोणाला सुचत नसे.

नववीत वाक्प्रचार आले. 'इन द पिंक ऑफ हेल्थ', 'फिट ॲज अ फिडल', 'अंडर द वेदर', 'राइट ॲज रेन'. पाठ करा, वाक्यात उपयोग करा, दोन मार्क घ्या. एका दिवसात सगळ्या वर्गाचे आजोबा 'इन द पिंक ऑफ हेल्थ' झाले. त्यातल्याच एकाचे पुढे वारले, तर पठ्ठ्यानं अर्जात 'किक्ड द बकेट' असं लिहून दिलं. रजा मंजूर झाली. 'अंडर द वेदर' म्हणजे जरा बरं नसणं, असं सर सांगत होते तेव्हा बाहेर एप्रिल होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा 46-47 अंशांवर जातो, देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत ब्रह्मपुरीचं नाव झळकतं. हवामानाखाली न चिरडलेला माणूस इथे शोधून दाखवावा. 'राइट ॲज रेन' मात्र मला तेव्हाही आवडला होता. धानाच्या मुलखात पाऊस वेळेवर आला की माणसंही ठणठणीत दिसतात.

पण त्या यादीत आमच्या घरातला, शेजारचा, गावातला रोजचा वाक्प्रचार नव्हता: अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, बाळंतपणानंतरचं दुखणं अंगावर काढलं. रोवणीच्या बाईनं एक दिवस घरी राहायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, म्हणून ती कणकण घेऊन पाण्यात उभी राहते. दुकानात बसून मी जे आजार बिघडलेले पाहिले, त्यातले बरेच आधी असेच अंगावर काढलेले होते. चिठ्ठीवर 'डिलेड प्रेझेंटेशन', म्हणजे रुग्ण उशिरा आला, असं काही तरी लिहिलेलं असतं. त्यात बाईची मजुरी दिसत नाही.

बारावीनंतर नागपूरला डी. फार्म.ला गेलो. तिथे कळलं की डॉक्टर चिठ्ठीवर जे खरडतात ते पुरतं इंग्रजीही नाही, लॅटिन आहे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. 'बिस डाय', 'तेर डाय' असं आम्ही पाढ्यांसारखं म्हणायचो. चिठ्ठीच्या डोक्यावरचं आरएक्सही लॅटिन 'रेसिपे'चं, म्हणजे 'घे'. रोममधली भाषा रोममध्ये कोणी बोलत नाही. ती आमच्या झाडीपट्टीतल्या कागदावर जिवंत आहे.

आता हे ज्ञान घेऊन ब्रह्मपुरीत काउंटरमागे उभं राहिलं की काय होतं? आमचा मुलूख तेंदूपत्त्याचा. मे महिन्यात अख्खी घरं पहाटे जंगलात पानं तोडायला जातात, अंगणात पुडके बांधतात, आणि त्या पानाची बिडी होते हे शेंबड्या पोराला माहीत. एक म्हातारबा नातवाला घेऊन आले. खोकल्याची चिठ्ठी. नातू सातवीतला, चिठ्ठी वाचण्याचा मान त्याचा. त्यानं मोठ्यानं वाचलं, "बी... डी... बिडी!" म्हातारबांचा चेहरा उजळला. "पाय गा, डॉक्टरनंच लिवून देल्लं," असं ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि खिशातलं बंडल काढून चिठ्ठीशेजारी ठेवलं. मी पाकिटावर सकाळचा उगवता सूर्य आणि रात्रीची चांदणी काढून दिली, प्रत्येकाखाली एक गोळी. बिडीचं मात्र शेवटपर्यंत त्यांना पटलं नाही.

अशी पाकिटं मी किती काढली असतील याचा हिशेब नाही. वाचता येतं त्यांना 1-0-1, येत नाही त्यांना सूर्य-चांदणी.

काउंटरवर मी दुसरंही एक इंग्रजी शिकलो, जे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. 'मला बीपी आहे' म्हणजे रक्तदाब वाढलेला आहे. 'लो झाला' म्हणजे उतरला. 'शुगर निघाली', 'टायफाइड उलटला', 'गॅस डोक्यात गेला', 'पावरची गोळी देऊ नका जी, घेरी येते'. सलाईन लावली की उपचार झाला, नाही तर डॉक्टरनं नुसतं बघितलं. शहरातून आलेले नवे डॉक्टर अशा बोलण्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. परका शब्द घरात आला की घराच्या रीतीनं वागतो. बीपीनं तेच केलं. डॉक्टरला 'गॅस डोक्यात गेला'मधून छातीतली कळ ऐकू येत नसेल, तर शिकायचं डॉक्टरनं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा 'गॅस' कधी कधी हृदयाचा असतो.

एक शब्द मात्र घरात आला आणि घाबरवूनच राहिला: सिकल. चंद्रपूर-गडचिरोलीत आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरनं 1910 साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांचं वर्णन छापलं, त्यावरून हे नाव पडलं. शिबिरात रक्त तपासतात आणि हातात कार्ड देतात. त्यावर दोन इंग्रजी अक्षरं असतात, एएस किंवा एसएस. एक बाई ते कार्ड पदराच्या गाठीत बांधून आली. गाठ सोडली, कार्ड काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "पोरीले किती वर्षं आहेत जी?" कार्डावर एएस होतं. म्हणजे मुलगी फक्त वाहक. तिला सहसा कसला त्रास होत नाही, ती इतरांसारखीच जगते. एसएसवाल्यांचं वेगळं: सांधे-हाडांतल्या जीवघेण्या कळा, रक्त कमी होणं, वारंवार भरती. मी कागदावर एक गोल काढला, एक विळा काढला. धान कापणाऱ्या हाताला विळा समजावून सांगावा लागत नाही. मग सांगितलं की भीती पोरीच्या जगण्याची नाही, सोयरीक करताना तेवढं बघा. नवराबायको दोघंही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू एसएस निघण्याची शक्यता चारात एक. तिनं ते दोनदा वदवून घेतलं आणि कार्ड परत गाठीत बांधलं. जुलै 2023 मध्ये केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, 2047 पर्यंतचं. चांगलंच आहे. पण कार्ड देणाऱ्यानं ती दोन अक्षरं तिथेच फोडून सांगितली नाहीत, तर पोरीचं लग्न मोडायला ती पुरतात. मी मोडलेली पाहिली आहेत.

भाषेचं हे काम नीट केलं तर काय होतं, याचा दाखला नदीपलीकडेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. न्यूमोनियासाठी लोकांकडे स्वतःची नावं होती. बाळाच्या छातीच्या दुखण्याला आमच्याकडे डब्बा म्हणतात, धाप लागली म्हणतात. ते शब्द त्यांनी अडाणी म्हणून बाजूला सारले नाहीत. बाळाचा श्वास मोजायला अक्षरओळख नसलेल्या दाईलाही जमेल असं मण्यांचं साधन केलं. पुढे 39 गावांत थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळांचे मृत्यू 47 तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. लॅन्सेटचं इंग्रजी त्या आरोग्यदूतांपैकी किती जणींना वाचता आलं असेल? त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

माझी पुतणी नर्स झाली आणि तिला इंग्लंडला जायचं होतं. तेव्हा माझ्या शालेय वाक्प्रचारांना एकदम भाव आला. तिथल्या नोंदणीसाठी ओईटी नावाची परीक्षा असते, खास आरोग्यसेवकांची: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. लिहिण्यात 45 मिनिटांत एका रुग्णाबद्दलचं पत्र. बोलण्यात समोरचा माणूस रुग्ण होतो आणि पाच मिनिटं त्याची समजूत घालायची. महिनाभर रात्री दुकान बंद केल्यावर मी रुग्ण झालो. गुडघा धरून कण्हायचो आणि ती विचारायची, "इज इट अ शार्प पेन ऑर अ डल एक? डझ इट थ्रॉब?" माझी वहिनी बाजूला तांदूळ निवडत बसायची. म्हणाली, "ठणकते का, चमक मारते का, शिणक भरते का, रग लागते का, हे विचार ना मग सरळ." तिच्या एका दमातली नावं पुतणीनं वहीत लिहून घेतली आणि समोर इंग्रजी जोड्या लावल्या. दोन जागा रिकाम्या राहिल्या. वही अजून तिच्याकडे आहे.

पुतणी आता तिकडेच आहे. तिच्या वॉर्डात एक पोलिश नर्स आहे. 2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला आणि ब्रिटननं दार उघडलं, तेव्हा तिथून लाखो माणसं आली. त्या लाटेत तीही आली. तिचीही अशीच वही. सुरुवातीला तिचा घसा धरला आणि ती सहकाऱ्यांना म्हणाली, मला अँजायना झालाय. लोक ईसीजीचं मशीन आणायला धावले. पोलिशमध्ये अँगिना म्हणजे टॉन्सिल सुजून घसा धरणं; इंग्रजीत तोच शब्द हृदयाच्या कळेचा. फोनवर हे सांगताना पुतणी हसत सुटली होती. मला आमचा 'गॅस' आठवला. 'अंडर द वेदर' तिकडे खरोखरच रोज कानावर येतो, हेही तिनं सांगितलं. आजोबा मात्र आजवर कोणी 'इन द पिंक ऑफ हेल्थ' म्हटलेले तिनं ऐकले नाहीत.

मधल्या काळात इकडे कागद सुधारला. औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, असा नियम 2016 मध्ये झाला. त्याच वर्षी अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवरची लाल रेघ ओळखा, चिठ्ठीशिवाय घेऊ नका, अशी मोहीम निघाली. रेघ चांगली, कारण ती वाचावी लागत नाही. पण रेघेचा अर्थ तोंडानं सांगावा लागतो, आणि तिथे आम्ही दुकानदार फार कमी पडतो. गर्दी असते, गिऱ्हाईक घाईत असतं, मोबाइलवर पैसे टाकले की संपलं. निम्म्या दुकानांत काउंटरवरच्या पोराला बीडीचा अर्थ माहीत असतो, रुग्णाचं वय विचारायचं माहीत नसतं. माझ्या व्यवसायाबद्दल हे लिहायला बरं वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

आणि हे सांगणं कोणाच्या मेहरबानीवर सोडलेलं नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषध कसं घ्यायचं हे समजावून सांगणं नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. तेव्हा चिठ्ठी घेऊन पुढच्या वेळी कुठल्याही दुकानात गेलात तर गोळ्या पिशवीत टाकून लगेच निघू नका. किती, कधी, किती दिवस आणि त्रास झाला तर काय करायचं, एवढं विचारा, तुमच्या बोलीत विचारा, आणि कळेपर्यंत काउंटर सोडू नका. मागची रांग कुरकुरली तर कुरकुरू द्या.