नसेला वेळ लागतो
कमरेचं ऑपरेशन धुळ्याला झालं. नसेवर दाबणारा चकतीचा तुकडा निघाला, पण डाव्या पायातली कळ अजून गेलेली नाही. रात्री कुल्ल्यापासून पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत वीज उतरते. मग पायावर चादरसुद्धा सोसवत नाही. त्यात जळगावचा मे महिना आणि कमरेला पट्टा.

डॉक्टरांनी समजावलं, दाब गेला तरी सुजलेली नस लगेच शांत होत नाही. इजा झालेला तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मनात मोजलं आणि घाई सोडली.

खाली बसायची मनाई, म्हणून कळण्याची भाकरी ओट्याशी उभ्यानेच खातो. माय विचारते, "पाय कसा शे?" त्या विचारण्यानेच निम्मा धीर येतो. पहाटे मेहरूण तलावाकाठी सावकाश चालतो. फेरतपासणीला धुळ्याला जाताना वाटेत एरंडोल, पारोळ्याला गाडी थांबवून पाय मोकळे केले. सलग बसलं की कळ वाढतेच.

असं दुखणं तुमच्या घरात असेल तर नसेची गोळी मनाने बंद करू नका. आणि लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.